गुपचूप गाडी

आमच्या जपानमधल्या बर्फाळ आओमोरीतल्या तोकुझोला डॉक्टरांनी खारट रामेन, म्हणजे शेवयांचं सूप, बंद केलं होतं. "चोरून खाताना सापडलात, तर गाडीची किल्ली कायमची माझ्याकडे!" ही किनुएवहिनींची तंबी. म्हणून पठ्ठ्याने हायब्रीड गाडी घेतली. निघताना मांजरीएवढाही आवाज नाही.

दुपारी वहिनींचा डोळा लागला. बर्फ काचेवर घसरू नये म्हणून त्याने रोजच्या सवयीने टप झाडला, दुकानात जाऊन दोन वाडगे रामेन चापलं आणि गाडी होती तिथे आणून लावली. वहिनी उठेपर्यंत पडत्या बर्फाने चाकांच्या खुणाही बुजवल्या.

"मी? दाराबाहेर पाऊल टाकलं नाही!"

वहिनींनी खिडकीतून पाहिलं, हात पुढे केला.



"किल्ली द्या. साऱ्या गल्लीतल्या गाड्यांवर हातभर बर्फ, अन् आपल्याच गाडीवर बोटभर कसा हो?"