काश्मीरला निघालेली जीप

लढाई संपली आणि नगरच्या छावणीतल्या लिलावात संगमनेरच्या सहादेवरावांनी लष्कराची जुनी जीप घेतली. ऐन थंडीत ती काश्मीरच्याही पुढं, बर्फाच्या डोंगरांत न्यायची, असा बेत त्यांनी ओसरीवर बसून आखला. चाकांना बांधायच्या साखळ्या आल्या, कानटोप्या आल्या, औषध म्हणून ब्रँडी आली. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजून ते सांगत, "तिथं रस्ता नसतोच. आपन जाऊ तो रस्ता!"

त्याच आठवड्यात राजूरहून निरोप आला. त्यांच्या बायकोची, बनुबाईची आई अंथरुणाला खिळली होती आणि सारखं लेकीचं नाव घेत होती. बनुबाई नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"जीपनं सोडता का मला?"

"राजूरला?" सहादेवराव दचकले. "अगं, त्यो काय रस्ता हाय? नुसते दगडगोटे. गाडीचा पार खुळखुळा व्हईल."

बनुबाई आत वळली. तिनं गाठोडं बांधलं आणि शेजारच्या महमूदभाईंना बैलगाडी जुंपायला सांगितली. गाडी दारात आली तेव्हा मात्र सहादेवराव जरा ओशाळले. चार माणसं बघत होती.

"आईला बरं वाटलं की सांगावा धाड," ते मोठ्यानं म्हणाले. "मी सोता येतो न्यायला."

"नगा येऊ," गाडीत चढता चढता बनुबाई म्हणाली. "तुमाला आता तिथवर रस्ता न्हाई."