बत्तीस वेळा

दुपारचा एक वाजला होता आणि मुंगीची आई पाळणाघराच्या खिडकीबाहेर, कुंड्यांच्या आड, चोरासारखी उभी होती. ऑफिसात तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं. आता ते खरंच दुखायला लागलं होतं.

सकाळी डॉक्टरांच्या काट्यावर मुंगी सहाशे ग्रॅम जास्त भरली होती. दोन महिने तो काटा जागचा हलला नव्हता. आज हलला नसता, तर उद्या त्या काडीसारख्या हातातून तपासणीसाठी चार नळ्या रक्त काढायचं ठरलं होतं. डॉक्टर एकदम खूश. "छान! जे करताय तेच चालू ठेवा," म्हणाले. तिनेही शहाण्यासारखी मान हलवली. पण आपण नक्की काय करतोय, हे तिला कुठे माहीत होतं? घरी तर मुंगी अजूनही एकेक घास गालात धरून अर्धा अर्धा तास बसायची. डबा मात्र रोज पाळणाघरातून चाटूनपुसून लख्ख परत यायचा. पाणी मुरत होतं ते तिथेच कुठेतरी.

आत मुलं सतरंजीवर ओळीने आडवी झाली होती. कोपऱ्यात बुटक्या खुर्चीवर मुंगी, आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून पाळणाघरातल्या मावशी. मुंगीचा चार कप्प्यांचा निळा डबा मावशींच्या पुढ्यात होता. आणि मावशींचा स्टीलचा डबा मुंगीच्या मांडीवर!

आईची कानशिलं तापली. पहाटे पाच वाजता उठून, गाजराच्या फोडी मोजून भरलेला माझ्या पोरीचा डबा ही बाई...

"चिठ्ठीत काय लिहिलंय आज?" मुंगीने विचारलं.

झाकणाला चिकटवलेली चिठ्ठी मावशींनी हातभर लांब धरली. "आधी गाजर. मग फरसबी. अंडं शेवटी."

"मग आ कर."

"अगं, कालच तर झालं गाजर."

"आईने पाचला उठून केलंय. टाकायचं नाही. मला त्रास द्यायचा नाही."

तो आवाज आईचा स्वतःचा होता. नुसते शब्दच नव्हेत, शेवटचा सुस्कारासुद्धा.

मावशींनी तोंड वाकडं करून फोड घेतली.

"बत्तीस वेळा चावायचं."

"माझ्या तोंडात दातच बावीस उरलेत, बाई."

"बत्तीस म्हणजे बत्तीस. मी मोजते."

मुंगी मोजायला लागली. दहापर्यंत गाडी बरी चालली. चौदाच्या पुढे ती थेट एकोणीसवर गेली, तिथून पुन्हा बारावर आली. मग पुढचा आकडा आठवता आठवता तिचा चमचा स्टीलच्या डब्यात गेला, कुस्करलेला बटाटा आणि भात घेऊन वर आला आणि तोंडात गेला. गालात थांबला नाही. पुन्हा गेला, पुन्हा आला. मावशी इमानेइतबारे गाजर चावत होत्या. मुंगीने खाल्लं की नाही, इकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

कुंडी सरकल्याचा आवाज झाला. मावशींनी वर पाहिलं आणि त्यांचा घास तोंडातच राहिला.

आई आत आली तेव्हा मावशी उठायची धडपड करत होत्या. "ताई, रागावू नका. पहिल्या दिवशी तिला दाखवायला म्हणून मी फक्त एक घास खाल्ला हो. तर म्हणाली, आता मीच तुला भरवते. आणि मला भरवताना स्वतः खाते, ताई. एरवी नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं, पण जीभ उचलली नाही. एवढ्या निगुतीने भरलेला डबा..." बोलता बोलता त्यांनी निळ्या डब्याचं झाकण लावून टाकलं. मग, जणू हाही आपलाच गुन्हा, अशा आवाजात म्हणाल्या, "त्यात माझी साखरपण उतरलीय."

खिडकीबाहेर उभं राहून आईने मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य जागेवर सापडेना.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "गाजराला थोडं मीठ लावलं तर चालेल का तुम्हाला?"

मावशी हळूच परत खाली बसल्या. "चिमूटभरच हं. बीपी पण आहे."

मुंगीला या बोलण्यात काही रस नव्हता. तिने आईचा पदर ओढून तिला खाली बसवलं. "तू जेवलीस?"

"हो."

"काय?"

आईला आठवावं लागलं. सकाळी मुंगीने उष्टं टाकलेलं अर्धं अंडं, मोरीपाशी उभ्या उभ्या, दुसऱ्या हातातल्या फोनवर बसची वेळ बघत. काल काय? काल बहुतेक तेच.

मुंगी उत्तरासाठी थांबली नाही. तिने निळ्या डब्याचं झाकण पुन्हा उघडलं, दोन बोटांनी शेवटची फोड उचलली.

"आ कर."

आईने आ केला.

"चाव. मी मोजते. एक... दोन..."

गाजर अळणी होतं, गार होतं, आणि गोड होतं. सातपर्यंत आईची नजर सवयीने त्या स्टीलच्या डब्याकडे वळली. मग तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"चौदा... एकोणीस..." मुंगी अडखळली. डब्यावर चमचा वाजला.

आईने डोळे उघडले नाहीत. ती चावत राहिली.