अळ्यांना ऊब देण्याची रीत

एक. आधी पाण्याची खोली.

"गळाला शिशाचा गोळा लाव आणि सोड. बोया बुडाला तर वर सरकव. आडवा पडला तर खाली."

बाबा कालव्याच्या काठावर घडीच्या खुर्चीत बसून सांगत होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडलेला असे, आणि बोलताना ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून शब्द थोडे सांडत. लेकीने रबरी हातमोजे घातले होते. दोन जोड, एकावर एक.

दोन. दोन नंतर सांगतो, म्हणाले.

तीन. आमिष.

तिने डब्याचं झाकण उघडलं आणि मान फिरवली. भुसा, भुशात पांढऱ्या अळ्या, आणि नाकात जाऊन बसणारा वास. आठवडाभर हा डबा फ्रिजमध्ये होता. दुधाशेजारी. त्याच दुधाचा चहा ती सकाळी प्यायली होती.

"दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या लघवीच्या बाटल्या हाताळतेस," बाबा म्हणाले, "आणि यांना नाक मुरडतेस?"

"बाटल्या वळवळत नाहीत, बाबा."

"जाड टोकाला टोच. नुसती कातडी धर. फोडू नकोस."

फुटली. मोज्यावर पिवळट थेंब आला. दुसरीही फुटली. तिसरी गळावर राहिली, तोवर तिने एकदा डब्याचं झाकण लावूनही टाकलं होतं.

पण अकरा वाजता दादा गाडी घेऊन येणार होता. काल रात्री जेवताना त्याने स्पष्टच सांगितलं होतं. बाबांनी एकट्याने कालव्यावर जाणं बंद. हिला जमलं तर हिच्याबरोबर, नाहीतर काठ्या माळ्यावर आणि बाबा टीव्हीसमोर. बाबा ताट पुढे सरकवून उठले होते.

चार. फेक.

"झाडू मारल्यासारखी काठी मागे नेऊ नकोस. खालून झुलव. आता सोड. आणि बोया पाण्याला टेकायच्या आत रिळावर बोट लाव. अलगद. इस्त्री तापली का बघतेस ना, तसं."

पहिल्या फेकीला बोया, शिशाचे मणी, गळ, सगळं एका गुंत्यात तिच्या पायापाशी पडलं.

"वा. बेडूक धरायचाय का?"

दुसरी फेक लव्हाळ्यात. तिसऱ्या वेळी नायलॉनचा तंगूस तिच्या केसांत अडकला, अळीसकट. केसांतून ती मऊ, थंड गोष्ट चिमटीत आली तेव्हा सकाळचा चहा घशापर्यंत वर आला. तिने तो गिळला. पुन्हा काठी उचलली.

आठवी. की नववी. बोट वेळेवर टेकलं. तंगूस हवेत ताठ झाला, आमिष पुढे पडलं, त्याच्या मागे बोया. एकदा डुलला आणि उभा राहिला. पाण्यावर फक्त लाल टोक, काडीच्या गुलाएवढं.

तिला बरं वाटलं. बरं वाटल्याचीही थोडी किळस आली.

बाबांनी शाबासकी दिली नाही. "फेक ठीक आहे," म्हणाले. "पण अळ्या थंडीने आखडल्यात. मेल्यागत लटकतात. मासा मढ्याला तोंड लावत नाही. म्हणून दोन."

दोन.

बाबांनी डाव्या हाताने पाच अळ्या उचलल्या. फुंकर मारून भुसा उडवला. मग तंबाखूची चिमूट ठेवावी तशा त्या खालच्या ओठामागे ठेवल्या.

"बाबा. शी."

"माझे वडील असंच करायचे. थंडीत सगळेच करायचे. दोन मिनिटं ऊब लागली की बघ कशा नाचतात."

ती बघतच होती. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून एक अळी बाहेर आली. हनुवटीच्या पांढऱ्या खुंटांतून वाट काढत खाली निघाली. बाबा वाऱ्याबद्दल बोलत होते. दुसरी बाहेर आली आणि गालावर चढू लागली. बाबा अजून वाऱ्याबद्दलच बोलत होते.

आता हात लावतील, तिला वाटलं. आता लावतील.

"काय बघतेस?"

"तोंड उघडा, बाबा."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना."

रबराच्या बोटांना ओल्या गालात काही कळलं नसतं. तिने दोन्ही जोड ओरबाडून काढले. हनुवटीवरची उचलली, गालावरची उचलली, आणि उघडी तर्जनी त्यांच्या तोंडात घातली. उजवा गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सकाळच्या बिस्किटाचा आंबूस लगदा तसाच साचला होता. बहुधा कालचाही. त्यात एक सापडली. जिभेखाली आणखी एक. पाचवी नव्हती. तिने पुन्हा बोट फिरवलं. नव्हती.

बाबा डोळे मिटून बसले होते. बोट बाहेर आल्यावर म्हणाले, "उजवीकडे गेल्या होत्या?"

"हो."

"मला वाटलं, पुढेच आहेत."

तिने बोट गवताला पुसलं. मग पँटला. वास गेला नाही.

"सगळ्या निघाल्या?"

"निघाल्या."

बाबांनी डावा हात उचलून उजवा गाल दाबून पाहिला. एकदा, दोनदा. परक्या घराचं दार वाजवावं तसा.

"दादाला सांगणार का?"

ती डब्याजवळ उकिडवी बसली. उघड्या बोटांनी पाच अळ्या उचलल्या, फुंकर मारली. खालचा ओठ पुढे ओढला. डोळे घट्ट मिटले. ठेवल्या.

"दात लागू देऊ नकोस," बाबा म्हणाले.

तिने मान हलवली. ओठामागे आधी नुसतं गार होतं. मग एकीने अंग वळवलं.