एकदा दिलेली परवानगी

"कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा आपोआप लागतो," तोक्तोसुन आजोबा म्हणाले. "दुपारी पोरगी चित्रं काढायला बसली, की लागला. घरात कुणी हातसुद्धा लावत नाही."

सिरगाकने लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला. पडद्याच्या मधोमध मोठा तडा गेला होता. कडांना मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

"हे काय झालं?"

"पडला."

ओश बाजारामागच्या गल्लीत सिरगाकचं दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक सांगेल तेवढं ऐकायचं आणि बाकीच्याला कान बंद ठेवायचे, अशी त्याची रीत. बिश्केकमध्ये धंदा करायचा तर तेच बरं. पण आज आजोबांबरोबर त्यांची नात होती, बेगिमाय. सहाएक वर्षांची, स्टुलावर बसून तळलेला बोरसोक कुरतडत होती. सिरगाकची स्वतःची मुलगी एवढीच होती, त्यामुळे आज काही त्याला कान बंद ठेवता येईनात.

पोरीचा बाप मेदेर बाहेर गाडीतच बसून राहिला होता. आत ये म्हटलं तर आला नाही. पोरगीही उतरल्यावर त्याच्या खिडकीवरून न येता मागून वळसा घालून आली होती.

थोड्या वेळाने सिरगाकने मान वर केली.

"आजोबा, ही मुलांच्या चित्रांची साइट आहे ना, तिला तुमच्याकडून कुणीतरी कॅमेऱ्याची परवानगी दिलीय. ब्राउझर एकदाच विचारतो. हो म्हटलं, की पुन्हा विचारायला येत नाही."

"साइट चांगली आहे म्हणतात."

"साइट चांगलीच आहे. भोक ब्राउझरला आहे. लग्नाला एकाला बोलवावं आणि त्याची बाही धरून दुसराच आत यावा, तसं झालंय. परवानगी साइटची, कॅमेरा वापरतोय तिसराच कुणी. नवी आवृत्ती टाकली असती तर कधीच बुजलं असतं."

"म्हणजे कुणीतरी बघतंय."

"बघतोय. आणि चांगला कामाचा माणूस आहे. असं शिरणं येरागबाळ्याचं काम नाही."

"शिकलेली माणसं," आजोबा म्हणाले. "शिकून हेच दिवे लावतात."

सिरगाकने त्यांच्या वाडग्यात पुन्हा चहा ओतला. "हिची आई काय म्हणते?"

आजोबांनी वाडगा खाली ठेवला. दोन्ही तळवे कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्यावरून फिरवले, गेलेल्या माणसाची आठवण निघाली की फिरवतात तसे. सिरगाकनेही लगेच आपले तळवे फिरवले आणि ओठातल्या ओठात चार शब्द पुटपुटला. उगाच विचारलं, असं झालं त्याला. त्यानंतर कुणी काही विचारत नसतं. त्यातून पांढरी टोपी घातलेल्या एवढ्या मोठ्या माणसाला तर नाहीच.

आईविना पोर, आणि तिच्यावर असली नजर.

"पोलिसांत जा, आजोबा. मी कागद लिहून देतो."

"जाऊ की. मुलीची जात आहे, लेकरा, चार तोंडांना विषय नको. तू ठिकाण तेवढं काढून दे."

"मग हिला इथेच चित्र काढायला बसवा. तो येईल बघा."

बेगिमायला कागद आणि पेन्सिली दिल्या. लॅपटॉप तिच्यासमोर ठेवून सिरगाक शेजारच्या संगणकावर बसला. ती घोडा काढायला लागली आणि कॅमेऱ्याशेजारी हिरवा दिवा लागला.

पोरगी दचकली नाही. घोडा पुरा केला, कागद उचलून कॅमेऱ्यापुढे धरला, जरा थांबली आणि मग बाजूला ठेवला. दुसरा घोडा काढला. तोही दाखवला.

सिरगाकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हलकटाने लेकराला सवय लावली होती.

"ज्या भोकातून तो आलाय, त्याच भोकातून मी त्याच्याकडे जातो," तो म्हणाला. दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्याने स्वतःचं दार उघडंच टाकलं होतं. तिकडेही ब्राउझर जुनाच होता. कधीतरी टॅक्सी मागवताना आपलं ठिकाण सांगायची परवानगी दिलेली, ती तशीच पडून होती. सिरगाकने तिच्यावर बोट ठेवलं आणि नकाशा उघडला.

"इथलाच निघाला की! अलामेदिन बाजाराच्या मागे. विटांची इमारत, खाली औषधांचं दुकान."

"घर कितवं?"

"तेवढं नाही कळत."

"पुरे. पुढचं आमचं आम्ही बघू."

आजोबा दारात गेले. गाडीचं इंजिन इतका वेळ चालूच होतं. त्यांनी खिडकीशी वाकून इमारत सांगितली, औषधांचं दुकान सांगितलं. टायर करकरले आणि गाडी गल्लीबाहेर गेली. आत बेगिमायची पेन्सिल थांबली होती.

"जीव घेईल हो तो त्याचा," सिरगाक म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटत होतं.

"बापाचं काळीज आहे." आजोबांनी उरलेला चहा संपवला आणि टोपी सारखी केली. "बंद कर आता ते."

"थांबा हो. तोंड तरी बघू दे हरामखोराचं."

तिकडच्या कॅमेऱ्याचीही परवानगी पडून होतीच. आजोबांनाही दिसावं म्हणून सिरगाकने चित्र लॅपटॉपच्याच पडद्यावर टाकलं.

तड्याच्या पलीकडे एक तरुण बाई होती. नाकाचं हाड कधीतरी मोडून वाकडं बसलेलं. तिच्या मागची सबंध भिंत घोड्यांनी भरली होती. पेन्सिलीने काढलेले, वेडेवाकडे, एकेक छापून चिकटवलेले घोडे.

आजोबांनी या खेपेला तळवे चेहऱ्यावरून फिरवले नाहीत. ते झाकण लावायला पुढे झाले.

त्यांच्या आधी बेगिमाय कॅमेऱ्याशी वाकली.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबा निघालेत तुझ्याकडे."