भिंतीपलीकडचा माउस

रंगनाथरावांच्या पंचवटीतल्या बियाण्यांच्या दुकानात वायरलेस माउस आला आणि बिलं करणं नकोसं झालं. हात न लावता बाण स्क्रीनभर पळायचा. सेल बदलले, तरी तेच.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला ललित म्हणाला, "काका, भिंतीपलीकडे तुमच्या भावाकडे असाच माउस आहे. त्यांनी हलवला की तुमचा बाण पळतो. त्यांना चॅनल बदलायला सांगा."

"वाटणीत ही भिंत घातली, विलासचं दार मागच्या गल्लीत गेलं. तेव्हापासून बोलणं नाही," रंगनाथराव कंटाळून म्हणाले. "राहू दे. चालवतो असाच."

पुढच्या आठवड्यात एक दिवस दुपार झाली, तरी बाण आपणहून जागचा हलला नाही.

 

रंगनाथराव शटर ओढून, विलास बरा आहे ना, ते बघायला मागच्या गल्लीत निघाले.