उजवीकडची शेवटची जागा

“आजही तुझी तेस्सा नुतोकडे आली होती,” चर्चचा घंटावाला मेओला म्हणाला. “स्वर्गाची फारच ओढ दिसतेय तिला!”

मेओ हसला, पण आतून त्याचा नुसता जळफळाट झाला. दोघेही चित्रकार. पण पाद्रीबाबांनी अंतिम न्यायाच्या चित्रासाठी चर्चची भिंत वाटून देताना येशूच्या उजव्या हाताचा स्वर्ग नुतोला दिला आणि डाव्या हाताचा नरक मेओच्या गळ्यात मारला. आता बायकोही तिकडेच रमू लागली होती.

स्वर्गात एकच चेहरा रंगवायचा राहिला होता, येशूच्या अगदी शेजारचा. नुतोने तिथे पोत्याचा पडदा टांगला होता.

“कोणाला बसवतोयस तिथे?” मेओने विचारलं.

“ईस्टरला कळेलच. तू आपली भुतं सांभाळ!”

“आणि माझी बायको इथे कशाला येते?”

नुतोने नजर चुकवली. “तिलाच विचार की.”

घरी तेस्सा कांदा चिरत होती. “मेणबत्ती लावायला जाते,” ती म्हणाली आणि लाजली.

मेओला आणखी पुरावा नको होता. हा नुतो तेस्सालाच त्या जागी बसवणार, साऱ्या गावासमोर!

भिंतीवर पांढरा रंग लावायचा तो चुन्याचा. शिशाचा सफेदा लाकडावर उत्तम टिकतो, भिंतीवर मात्र ओलीने काही महिन्यांत काळाठिक्कर पडतो. कालवल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. नुतो जेवायला गेला, तेव्हा मेओने त्याच्या वाटीतला चुना ओतून टाकला आणि सफेदा भरला. गावाला अक्षरं वाचता येत नसली, तरी भिंत वाचता येत होती. गोरे ते स्वर्गातले, काळे ते नरकातले. मिरव म्हणावं आता!

काम संपलं, परांची उतरली, पडदा तसाच राहिला. हिवाळाही ओलसरच गेला. ईस्टरच्या सकाळी पाद्रीबाबांनी दोरी ओढली.

गोऱ्यापान संतांच्या ओळीत एक चेहरा कोळशासारखा काळा होता. लोकांनी घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली. मेओला आनंद लपवता येईना.

“बघितलंस? देवाने न्याय केला!” तो तेस्साला म्हणाला.

पण तेस्साचं लक्षच नव्हतं. ती नुतोची गचांडी धरून रडत ओरडत होती, “माझ्या नवऱ्याला असं काळं का केलंस रे? नरक रंगवून रंगवून खचला होता तो, म्हणून पाया पडून त्याच्यासाठी ती जागा मागितली होती मी!”