लहान पुरेल

धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. जावई बाहेरच्या खोलीत संगणक उघडून बसला होता. त्याचा सासरा, ज्याला सगळे मिस्त्री म्हणत, शेजारी स्टुलावर. आतल्या खोलीत मिस्त्रीची बायको अंथरुणाला खिळलेली, अधूनमधून खोकत. मधलं दार नुसतं लोटलेलं.

तिचा जन्म हातमागावर गेला होता. मागावरचे शब्द आता कोणाच्या तोंडात राहिले नव्हते, म्हणून मिस्त्री रोज तिच्याकडून एकेक शब्द आणि त्यामागची हकिगत तिच्याच आवाजात भरून घेत होता. फायलींचा नुसता गुंता झाला होता. जावई म्हणाला होता, डेटाबेस सर्व्हर टाकू. सगळं जागच्या जागी राहील आणि नातवंडांना कुठूनही ऐकता येईल.

"आवृत्ती कोणती टाकू, बाबा?"

"पहिलीच टाका की. पहिली खपल्याशिवाय दुसरी कशी निघेल?"

जावई हसला. "पुस्तकाची नव्हे. या एकदमच निघतात, लहान-मोठ्या. फुकटची आहे, पण तिला हद्द आहे. पोट भरलं की पुढे एक शब्द आत घेत नाही. विकतची हवी तेवढी वाढते. आवाज जागा फार खातो. तुम्हीच सांगा, इथून पुढे अजून किती भरणार?"

डॉक्टरांनी जिन्यात बाजूला घेऊन सांगितलेलं मिस्त्रीने घरात कोणालाच कळू दिलं नव्हतं. बायकोला तर, हवा बदलली की उठशील, असंच सांगत आला होता.

"लहान पुरेल," तो म्हणाला.

आतला खोकला थांबला.

"अहो," तिने हाक मारली. "भांडं घ्यायचं तर मोठं घ्यावं, हे जन्मभर ऐकवलंत मला. आज लहान पुरतंय होय?"

मिस्त्री उठून दारात गेला. "अगं, फुकट मिळतंय तर..."

"फुकटाचा मोह तुम्हाला कधी होता?" ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. कळलं."

"आई, मोठीच टाकतो," जावई बाहेरून घाईने म्हणाला. काहीतरी बिनसलं, एवढंच त्याच्या ध्यानात आलं होतं.

"नको. त्यांनी माप घेतलंय. ते बरोबरच असणार."

मिस्त्री उशाशी बसला. माइक तिच्या तोंडाजवळ धरला. तो उलटा होता. तिनेच तो सरळ केला.

"धोटा झाला," तो म्हणाला. "फणी झाली. धागा तुटला की तुम्ही बायका जी गाठ मारायचात, तिला काय म्हणायचात?"

तिची बोटं पांघरुणावर आपोआप चिमटीत आली, फिरली, थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. "लहानातच बसवायचंय ना."

पुढच्या महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, मिस्त्रीची बायको वारली.